चॉकलेटी डबा बंद करा

नागपूर–नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये थांबली. तिचं मॉडेल करायला घरात कुणी बसलं असेल, तर एक विनंती आहे. गाडी कशीही रंगवा, पण रुळाशेजारची लाकडी शेड, फाटक, कुंपण यांना चॉकलेटी रंग फासू नका. माझी पहिली शेड मी तशीच रंगवली होती. वाढदिवसाचा केक दिसायची.

जुनं लाकूड राखाडी असतं. उन्हानं वरचा थर सुटतो, पावसानं धुऊन जातो आणि चंदेरी रेषा उरतात. आपल्याकडे सागवानाला तोटा नाही, तेव्हा एखाद्या जुन्या गोठ्याच्या दाराशी जाऊन उभे राहा. वळचणीखालची फळी अजून तांबूस असते. जिथं सरी आपटतात तिथून ती करडी होत जाते आणि खालच्या वीतभरात चिखलाचे शिंतोडे असतात. खिळ्याखाली पाहा: तिथं नारिंगी नव्हे, काळा ओघळ असतो, कारण सागातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं.

हेच घरी करता येतं. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस बुडवा, झाकण सैल ठेवा, आत वायू धरतो. स्वयंपाकघरातली स्टीलची घासणी घालू नका, ती सहसा विरघळत नाही. माझे चार दिवस त्यात गेले. आइस्क्रीमच्या काड्यांना आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्या, सुकल्या की हे पाणी लावा. दहा-पंधरा मिनिटांत रंग चढू लागतो. सागाच्या छिलप्यांना चहा लागत नाही. छिलपे मात्र फर्निचरवाल्याकडून मागून आणा, जंगलातून नको.

आणि हे सगळं फेव्हिकॉल लावायच्या आधी. गोंद लागलेल्या जागी रंग शिरत नाही, पांढुरका डाग राहतो आणि मग काही केल्या जात नाही. पातळ फळी दोन्ही बाजूंनी भिजवा, नाहीतर वाकडी होते.

रंग उडालेलं दार हवं असेल तर राखाडी फळीवर मेणबत्तीचा तुकडा कुठं कुठं घासा, वर निळा रंग द्या, सुकला की नखानं खरवडा. मे महिन्यात चंद्रपूरच्या 46 अंशांत दुपारी हे करू नका, ब्रश टेकायच्या आत रंग वाळतो. पहाटे बसा.

मापाचं म्हणाल तर 87 पटींनी लहान केलं की अडीच फुटी रूळ पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणजे बाजारातला 9 मिलिमीटरचा एन गेज रूळ चालतो. सहा इंची फळी पावणेदोन मिलिमीटर. नागपूरच्या मोतीबागेत 2002 साली सुरू झालेलं नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथं छोट्या गाडीची इंजिनं आणि डबे पाहायला मिळतात. पण तिथलं सगळं रंगवून, घासूनपुसून ठेवलेलं. मापं तिथली घ्या, रंग गोठ्याचा घ्या.

अंगणात मोडकी बंडी पडली असेल तर या पावसाळ्यापुरती तरी ती सरपणात घालू नका. फोटो काढून ठेवा, चाकाच्या आऱ्याही टिपा.