मामा जसा होता तसा

परवा धाकट्या मामाची तेरवी झाली. ८४ वर्षांचा होऊन गेला, झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही. "सोन्यासारखं मरण" असं जो तो म्हणत होता. ते खरंच आहे. पण त्या दिवशी जेवणाआधी चार जण बोलायला उभे राहिले, आणि माझं डोकं फिरलं. आल्यापासून मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

पहिले म्हणाले, मामा अत्यंत शिस्तप्रिय होते. दुसरे म्हणाले, संसारी, धर्मपरायण आणि मितभाषी. मितभाषी! आमचा मामा! मी शेजारी बसलेल्या बहिणीकडे पाहिलं, तिनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं लोकांना वाटलं असेल. ती हसत होती.

मामा माझ्यापेक्षा फक्त ११ वर्षांनी मोठा. त्यामुळे आम्ही त्याला अरे-तुरेच करायचो. माझं आजोळ वैनगंगेच्या काठी, चामोर्शीच्या बाजूला. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा मामानं गावभर सांगितलं, "चंद्रपूर जिल्ह्यात झोपलो अन् गडचिरोलीत उठलो. यष्टीचं तिकीट बी नाही लागलं!"

आमच्याकडे जुन्या मालगुजारांच्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी, म्हणून मामा. आम्हा भाच्यांना मात्र कितीतरी वर्षं वाटायचं की तो तलाव आमच्या मामाच्याच मालकीचा आहे. त्यानंही कधी ते नाकारलं नाही. उलट आम्ही पोहायला उतरलो की प्रत्येकाकडून एकेक चिंच 'पट्टी' म्हणून घ्यायचा. कमरेला वाळलेले भोपळे बांधून त्यानं आम्हा सगळ्यांना पोहायला शिकवलं. मुलींनासुद्धा. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. आजी ओरडायची, "पोरी बुडतीन रे!" मामा म्हणायचा, "पोहता नाही आलं तं बुडतीन." या वाक्यावर मी पुढे ३० वर्षं वर्गात शिकवलं म्हणा ना!

आता न सांगितलेल्या गोष्टी सांगते. मामा शिकार करायचा. आजोळच्या ओसरीवर शिंगं टांगलेली होती. तेरवीच्या दिवशी ती कुणीतरी आधीच काढून ठेवली होती, भिंतीवर फक्त पांढरे डाग दिसत होते. मला ते बरं वाटलं नाही. त्या काळी शिकार करणारे पुष्कळ होते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मामानं बंदूक ठाण्यात जमा केली आणि पुन्हा कधी मागितली नाही. रानात जाणं मात्र सोडलं नाही. पुढे तो पोरांना पगमार्क दाखवायचा, मोहाच्या झाडाखाली अस्वल कधी येतं ते सांगायचा. एका माणसाचं असं बदलणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे की नाही? पण शिंगं लपवली तर बदलही लपतो.

दुसरी गोष्ट नाटकाची. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरू लागली की मामा घरात दिसायचा नाही. गावोगावी रात्रभर नाटकं, पहाटेपर्यंत. वडसा तर या नाटकांचं माहेरघर. मामा कधी खलनायक, कधी विनोदी नोकर, माणूस कमी पडला तर बाईसुद्धा! २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ८० ओलांडलेल्या या माणसानं गल्लीत पेढे वाटले. म्हणे, "आपल्या मंचाले मिळाली." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

पण मंडईचे दिवस म्हणजे धानाच्या कापणी-मळणीचेही दिवस. मामा स्टेजवर असायचा तेव्हा खळ्यावर कोण असायचं? मामी. एका वर्षी तर तिला सातवा महिना होता.

जेवणं आटोपल्यावर आम्ही भाच्या मामीजवळ बसलो. मामाच्या गोष्टी निघाल्या, हसून हसून पुरेवाट झाली. मामीही हसली. मग सहज म्हणाली, "आता आयकून मलेबी हसू येते बाई. पन त्या गोष्टी होऊन रायल्या होत्या ना, तवा मी कंदील घेऊन दारात बसली रायत होती." आम्ही एकदम गप्प झालो. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नुसता हिशोब होता, आणि तो बरोबर होता. हौशी माणसाच्या प्रत्येक गोष्टीत एक दारात बसलेलं माणूस असतं. त्याचं नाव गोष्टीत येत नाही. यापुढे मी मामाच्या गोष्टी सांगीन तेव्हा तो कंदीलही सांगणार आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. संध्याकाळी मामाच्या नातवंडांनी बेत काढला. आजोबांच्या आठवणीसाठी पहाटे मोहाच्या रानात पायी जायचं, आणि पावसाळ्यात पुरात वैनगंगा पोहून जायची. सोबत मोबाईलवर चित्रण. मोठ्या माणसांचे डोळे पाणावले, "अगदी आजोबांवर गेलीत पोरं!" मी म्हटलं, "मुळीच नाही." बरेच जण नाराज झाले माझ्यावर.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. मी १२ वर्षांची असेन, त्या वर्षी आजोळी शिकायला होते. राखीसाठी मामा मला नदीपलीकडे आमच्या घरी नेणार होता. माझ्या आईची राखी त्यानं तोवर कधी चुकवली नव्हती. घाटावर गेलो तर नदी फुगलेली. डोंगा होता, पण म्हातारा ढिवर नावाडी नको म्हणाला. मामानं थट्टा केली, पैसे वाढवले, स्वतः वल्हं मारतो म्हणाला. म्हातारा हलेना. मग मामानं एक काडी घेतली, पाण्याच्या काठाशी रोवली आणि तिच्याकडे बघत बसला. मीही बसले. थोड्या वेळानं काडी अर्धी बुडाली, मग दिसेनाशी झाली. मामा उठला, म्हाताऱ्याला हात जोडले आणि मला म्हणाला, "चाल पोरी, घरी."

माझं तोंड पडलेलं पाहून वाटेत म्हणाला, "मार्कंड्याले वैनगंगाबी उलटी फिरते. आपुन फिरलो तं काय झालं?" मार्कंड्याच्या देवळाशी नदी उत्तरवाहिनी होते, ते तर आम्हाला माहीतच होतं. तीन दिवसांनी पूर ओसरल्यावर राखी बांधली. आमच्या घरात ही गोष्ट "मामा एकदाच भ्याला" म्हणून सांगतात. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस तेच. २३ वर्षांचा, सगळ्या गावात धीट म्हणून नाव, आणि एका म्हाताऱ्या नावाड्याचं ऐकून मागे फिरणं. सोबत परक्याची पोर आहे हे त्यानं लक्षात ठेवलं.

मामाला रान कळायचं, कारण तो रानातल्या माणसांचं ऐकायचा. पाणी ढिवरांकडून शिकला, पायवाटा गोंड शेजाऱ्यांकडून. ती माणसं मजेसाठी रानात जात नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या ३ बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या बाईला आपण धाडसी म्हणतो का? ती तर रोज जाते, पोटासाठी. मग त्याच रानात आपण चित्रण करायला जाणं याला मी धाडस म्हणणार नाही, आणि मामाची आठवण तर नाहीच नाही.

मग आठवण ठेवायची कशी? मी मुलांना म्हटलं, आधी मामा तलावात नीट पोहायला शिका, आणि तुमच्या धाकट्या बहिणींना शिकवा. दिवाळीनंतर झाडीपट्टीचं एक नाटक अख्खी रात्र जागून बघा, आणि आजीला सोबत न्या. तिनं मामाची नाटकं फारशी पाहिलीच नाहीत, ती खळ्यावर होती. आणि ती शिंगं जिथे ठेवली असतील तिथून काढा, नियमानं काय करायचं ते वनखात्यात विचारा, पण लपवू नका.

थोरला नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, काडी रोवायची ती काठापासून किती दूर?" मी म्हटलं, "अगदी पाण्याला लागून. आणि मग बसून राहायचं. बसून राहणं हेच खरं कठीण."

गेलेल्या माणसाला आपण शहाणासुरता करून टाकतो. तसं केलं की तो आपला राहत नाही. मितभाषी, शिस्तप्रिय असा कुणी माणूस त्या दिवशी गेला असेल तर मी त्याला ओळखत नव्हते. माझा मामा बडबड्या होता, नाटक्या होता, मामीला छळणारा होता, आणि पुराच्या काठावरून मला सुखरूप घरी आणणारा होता.

मामी येत्या मंडईला नाटकाला यायला तयार झाली आहे. एकच अट घातली तिनं. पुढच्या रांगेत बसायचं.