दोष व्होल्टेजचा नव्हे, उष्णतेचा


घरी जोडलेल्या हॅम रेडिओची फ्रिक्वेन्सी व्होल्टेजमुळेच सरकते, हे मागील अंकातील पत्रातले निदान पटले नाही. व्होल्टेज पडले तर बोलायचे बटण दाबताच फ्रिक्वेन्सी उडी मारते. हळूहळू सरकणे हे मात्र उष्णतेचे लक्षण. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या मूळ बिटएक्स या हॅम संचात फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर कॉइल-कपॅसिटरचाच होता. अशा ऑसिलेटरची कॉइल लाल लोहचूर्ण रिंगवर गुंडाळली, तर 5 मेगाहर्ट्झला दर अंशामागे सुमारे 240 हर्ट्झ फरक पडतो. पिवळ्या रिंगवर 90 च्या आत. आमच्या खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात पहाट आणि दुपार यांत 15 अंशांचे अंतर सहज पडते. लाल रिंगवर ते साडेतीन किलोहर्ट्झ झाले, समोरच्याला ऐकू काय येणार?
पुरवठा बदलण्याआधी तापलेली सोल्डरिंग आयर्न एकेका कपॅसिटरजवळ, न टेकवता, धरून पाहा. ज्यापाशी स्वर घसरेल तो काढून उष्णतेने फारसा न बदलणारा एनपीओ जातीचा लावा. ऑसिलेटर हीटसिंकपासून लांब ठेवा. कॉइलऐवजी एसआय 5351 चिपचे डिजिटल ऑसिलेटर कार्ड सोपे खरे, आणि नंतरच्या किटमध्ये फरहान यांनीच ते दिले. पण जुना संच त्यासाठी मोडीत काढू नये.
– एक वाचक, खामगाव (जि. बुलढाणा)