तपासणी आणि उपचार यांमधील दरी

1964च्या जानेवारीत अमेरिकन सरकारचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्या देशातील सुमारे एक तृतीयांश तरुण सैनिकी सेवेस अपात्र ठरतील, असा त्याचा निष्कर्ष होता. अपात्रतेचे एक मोठे कारण शारीरिक दोष हे होते. तीनच वर्षांनी, 1967 साली, तेथील ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेत मुलांच्या नियतकालिक तपासणीची तरतूद झाली. एकवीस वर्षांखालील मुलांचे डोळे, कान, दात आणि वाढ वेळोवेळी तपासायची व आढळलेल्या दोषावर उपचारही करायचे, असा तिचा आशय. 1989च्या दुरुस्तीने उपचारांचे हे बंधन अधिक पक्के केले.

विमा म्हणजे आजारपणाच्या बिलाची भरपाई एवढाच संकुचित अर्थ तेथे मुलांपुरता तरी नाकारला गेला. भारतात मात्र ही दोन कामे दोन स्वतंत्र योजनांकडे आहेत. 2018 साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. तपासणीचे काम त्याआधीच, 2013 साली, पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा जाऊन जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता व विकासातील विलंब शोधतात. योजना उत्तम आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो दोष सापडल्यानंतरचा.

तिरळेपणामुळे मंदावणारी नजर बालपणीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत चांगली सुधारता येते. पुढे ते कठीण होत जाते. वळलेले पाऊल जन्मानंतरच्या काही आठवड्यांत प्लास्टरने सरळ होऊ लागते. येथे विलंब म्हणजे आयुष्यभराचे अपंगत्व. परंतु जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी हाती पडलेल्या मजुराला एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी दिसते. बीडमधील ऊसतोड कुटुंबाचे मूल तर पथक शाळेत येते त्या दिवशी आईवडिलांबरोबर दूरच्या फडावर असू शकते. त्याची ना तपासणी होते, ना पाठपुरावा.

कायदा केल्याने हे आपोआप घडत नाही, हेही अमेरिकेनेच दाखविले. 2010च्या सरकारी पाहणीत नऊ राज्यांतील मेडिकेडच्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांची एखादी तरी आवश्यक तपासणी राहून गेल्याचे आढळले. हक्क कागदावर होता; मुलाला दारापर्यंत नेणारा हात नव्हता.

म्हणून शासनाने प्रत्येक चिठ्ठीचा शेवट उपचारात झाला की नाही, याचा हिशेब ठेवावा आणि प्रवास व बुडालेल्या मजुरीचा भार उचलावा. स्थलांतरित मुलांची तपासणी साखर कारखान्यांच्या तळावरच व्हावी. पण सारे शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. वस्तीतील कार्यकर्त्याने एका मुलाची चिठ्ठी हाती घ्यावी, त्याच्या आईसोबत रुग्णालयात जावे, चष्मा वा प्लास्टर मिळेपर्यंत थांबावे. सुस्थित कुटुंबांनी आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या लेकरांची तपासणी झाली का, एवढे तरी विचारावे. सुदृढ राष्ट्राची भाषा बोलणाऱ्यांनी त्याचा आरंभ अंगणवाडीच्या उंबरठ्यापासून करावा.