फुकटचं विमान

परवा नातू म्हणाला, "आजोबा, हे क्रेडिट कार्ड घ्याच. वार्षिक फी शून्य, वर विमानाचे पॉइंट!"

मास्तरकीची खोड जात नाही, कागद-पेन्सिल घेतली. शंभराला एक रुपया धरला, तर दहा हजारांच्या खर्चावर महिन्याला 100 रुपयांचे पॉइंट. एकदा बिल भरायचं विसरलं, की महिना साडेतीन टक्क्यांनी 350 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 63. चार महिन्यांची कमाई गेली! दंड वेगळाच.

शिवाय पॉइंटची किंमत ठरवणार कंपनी. आणि कंपनीचा तरी काय भरवसा? किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली, जेट 2019 मध्ये.

पेन्शनरांनो, खरंच फुकट हवं असेल तर पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून एसटी आहे. पॉइंट नकोत, काही नको!