रग्बीत पैसा आला, पण पंधरा दिवसांचा! भरतीसाठी धावणाऱ्या पोरांनी बॉल उचलायचा का?

वाडी (नागपूर) : पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला सैन्यात जायचंय. नाही जमलं तर अमरावती रोडवरचे गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टची कामं आहेतच. याच पोरांच्या मोबाईलवर जून 2025 मध्ये एक नवीन लीग झळकली, रग्बी प्रीमियर लीग. 15 ते 29 जून, मुंबईच्या अंधेरीत, सहा संघ. चेन्नई बुल्सने पहिलंच विजेतेपद नेलं. तेव्हापासून प्रश्न एकच आहे, यात आपल्या पोराचं पोट भरेल का?

आधी खेळ समजून घ्या. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, पाच गुण मिळतात. गंमत म्हणजे हाताने पास फक्त मागेच द्यायचा, पुढे नाही. मूळ युनियन रग्बी 15 जणांची. ऑलिम्पिकमध्ये 2016 पासून सात जणांची आहे, आणि आपली लीगही सातच जणांची. कबड्डीत चढाई करणाऱ्याला कमरेत धरून पाडणारा पोरगा इथे लवकर रुळेल, फक्त दम जास्त लागतो.

या खेळात पैसा घेणं जगातही फार जुनं नाही. युनियन रग्बीत ऑगस्ट 1995 पर्यंत मानधन घेणं हाच नियमभंग होता. त्यानंतर इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंडमध्ये क्लबच्या अकादमी उभ्या राहिल्या. तिथला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा अकादमीत जातो, पुढे करार होतो, दुखापत झाली तर क्लबचा डॉक्टर असतो. आपल्याकडे ही साखळी अजून जुळलेली नाही.

हिशेब करून बघा

लीगमध्ये प्रत्येक संघात 13 खेळाडू, त्यात भारतीय फक्त पाच. म्हणजे सहा संघांत मिळून अख्ख्या देशातून 30 जागा. लिलावात सर्वात महागड्या भारतीय खेळाडूचाही आकडा पाच लाखांच्या आतच राहिला. बारा महिन्यांवर वाटला तर महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास, आणि तोही सर्वात वरच्या एकाचा. बाकीच्यांचं त्याहून कमी. शिवाय लीग पंधरा दिवसांची. उरलेले साडेअकरा महिने सराव, खुराक, बूट, प्रवास कुणी बघायचा?

आता कबड्डी बघा. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणच्या युवा पलटणमध्ये घडला आणि प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात मुख्य संघातून खेळला. दहाव्या हंगामात कर्णधार झाला. 1 मार्च 2024 ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पहिल्यांदा चषक जिंकला. त्याआधी 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारतीय संघासोबत सुवर्णपदकही मिळालं. पुढच्या हंगामात गुडघ्याने दगा दिला आणि त्याला मध्येच बाहेर बसावं लागलं. तरी बाराव्या हंगामात तो पुन्हा कर्णधार म्हणून मैदानात होता. फरक इथेच आहे. गुडघा गेला तेव्हा पाठीशी संघ होता, अकादमी होती, बारा संघांची लीग होती. रग्बीत आज वाडीच्या पोराचा गुडघा गेला तर दवाखान्याचं बिल बापाच्या हातात येईल.

मग रग्बी नकोच का? तसंही नाही.

बिहारच्या पोरींनी काय केलं

नालंदा जिल्ह्यातली श्वेता शाही ही शेतकऱ्याची मुलगी. ती आधी धावपटू होती. रग्बी तिने बरीचशी यूट्यूबवर व्हिडिओ बघून शिकली, भारताकडून खेळली आणि आज बिहार पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आहे. बाढची स्वीटी कुमारी हीदेखील धावण्यातूनच आली. तिला 2019 मध्ये एका आंतरराष्ट्रीय महिला रग्बी संकेतस्थळाने जगातली वर्षाची तरुण खेळाडू ठरवलं. दोघींच्या मागे श्रीमंत क्लब नव्हता. बिहारने पदक आणणाऱ्याला थेट नोकरी द्यायला सुरुवात केली, राजगीरला मैदान उभं केलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिथेच 20 वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा घेतली. त्यात आपल्या मुलींनी कांस्यपदक मिळवलं. म्हणजे तिथे खेळाडूचा खरा पगार लीगमधून नाही, सरकारी नोकरीतून निघतो.

महाराष्ट्रातही खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना रग्बीचा खरा फायदा इथेच होऊ शकतो. पण घोळही इथेच होतो. कुठल्या पातळीची स्पर्धा, कितवा क्रमांक, संघटना मान्यताप्राप्त आहे का, यावर प्रमाणपत्राची किंमत ठरते. गल्लीतल्या कुठल्याही स्पर्धेचा कागद चालत नाही. पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे होते, नागपूर विभागासाठी ते कार्यालय मानकापूरला आहे. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण नागपुरातच गाजलं होतं. पैसे भरून कागद घेतलेल्यांच्या नोकऱ्या गोत्यात आल्या. नवीन खेळात खेळाडू कमी, त्यामुळे पदक लवकर मिळतं, हे खरं. एजंटांनाही हे पक्कं माहीत असतं.

म्हणून 'पाच हजार द्या, राज्य पातळीचं सर्टिफिकेट देतो' असं कुणी म्हणालं तर पोराला तिथून उठवून आणा. आणि कुणी खरंच मैदानावर बोलावत असेल तर फी भरण्याआधी आईबापांनी तीन गोष्टी विचाराव्यात. संघटनेला मान्यता आहे का, स्पर्धेची नोंद क्रीडा खात्याकडे आहे का, आणि खांदा निखळला तर विमा कुणाचा. पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर मानकापूरला जाऊन स्वतः तपासता येतं. तिसऱ्याचं उत्तर प्रशिक्षकाकडून लेखी घ्या.