शाळेतील कलावंत आणि शाळेबाहेरची मुले

शाळेच्या आवारात कलासंग्रहालय असणे दुर्मीळच. त्या संग्रहालयाने कलावंतांना मुक्कामास बोलावून काम करण्यास जागा, वेळ व विद्यार्थ्यांचा सहवास देणे त्याहून दुर्मीळ. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर येथील फिलिप्स अकादमी या खासगी निवासी शाळेने ही प्रथा रुजवली. मात्र अशा निवासी उपक्रमाचा लाभ नेमका कुणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न तिच्या वाटचालीतूनच पुढे येतो.

१७७८ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत माजी विद्यार्थी थॉमस कॉक्रन यांच्या पुढाकारातून १९३१ मध्ये 'अॅडिसन गॅलरी ऑफ अमेरिकन आर्ट' सुरू झाली. विन्स्लो होमर, एडवर्ड हॉपर आदींच्या कलाकृती जपणारे हे संग्रहालय सर्वांना विनामूल्य खुले आहे.

चित्रकार चार्ल्स शीलर १९४६ मध्ये येथे निवासी कलावंत होते. जवळच्या बॅलर्डव्हेल येथील जुन्या गिरणीवर त्यांनी केलेले चित्र आज याच संग्रहात आहे. कलावंताला विषय लाभला, संग्रहालयाला चित्र. विद्यार्थ्याला काय मिळाले, हे मात्र त्या चित्रातून कळत नाही.

पुढे हे समीकरण बदलले. १९९२ मधील निवासकाळात छायाचित्रकार दाऊद बे यांनी खासगी व सरकारी अशा वेगवेगळ्या शाळांतील किशोरवयीन मुलांची व्यक्तिचित्रे टिपली. कुंपणाच्या आतील व बाहेरील मुले एकाच भिंतीवर, सारख्याच सन्मानाने उभी राहिली. वेंडी इवाल्ड यांनी २००२ मध्ये येथील विद्यार्थिनींसमवेत वर्णमाला साकारली. प्रत्येक अक्षरासाठी शब्द निवडण्याचे काम मुलींचेच होते. स्थलांतरितांच्या मुलांबरोबर इवाल्ड यांनी स्पॅनिश व अरबी वर्णमालाही केल्या. त्यांच्या शेजारी ठेवली असता गोऱ्या मुलींची भाषादेखील सर्वांची भाषा नसून एका गटाची बोली ठरते. सुस्थितीतील शाळेला याहून मोलाचा धडा कोणता?

तथापि, दोन धोके उरतातच. कलावंताकडे वर्गशिक्षकाची रिकामी जागा भरून काढणारा म्हणून पाहिले, की त्याची निर्मिती खुंटते. उलट, विद्यार्थी केवळ कच्चा माल ठरला, तर प्रदर्शनात मुलांचे चेहरे आणि नाव मात्र कलावंताचे, असा विषम व्यवहार होतो. बे यांनी पुढे 'क्लास पिक्चर्स' या २००७ मधील पुस्तकात छायाचित्रांसोबत मुलांचे स्वतःचे शब्द दिले, त्याचे महत्त्व येथेच आहे.

असे संग्रहालय उभारणे देणगीदारांचे पाठबळ नसलेल्या सरकारी शाळेला शक्य नाही, हे उघड आहे. म्हणूनच संपन्न शाळेची जबाबदारी वाढते. कलावंताच्या मुक्कामाचे यश त्याने मागे ठेवलेल्या चित्रांवरून जोखणे सोपे असते. त्या काळात शेजारच्या शाळेतील किती मुले संग्रहालयाचा उंबरठा ओलांडून आत आली आणि त्यांना तेथे बोलण्याची मुभा होती काय, हा निकष अधिक कठोर असला तरी खरा तोच होय.