घरांतील धूर आणि शेताचें खत

शेतकऱ्याची दौलत तीन ठिकाणीं असते: जमिनींत, गोठ्यांत आणि घरच्या माणसांत. पहिल्या दोहोंची चर्चा या मासिकांतून दरमहा होत असते, व ती झालीच पाहिजे. बियाणें कोणतें निवडावें, पाण्याची पाळी केव्हां द्यावी, लाळ-खुरकुताची लस केव्हां टोंचून घ्यावी, यांविषयीं आपले वाचक आतां चांगले जाणते झाले आहेत. परंतु ज्या घरांत बसून ही चर्चा वाचली जाते, त्या घराच्या हवेचा विचार कोणी फारसा करीत नाहीं. आज त्याविषयींच चार शब्द स्पष्टपणें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. शेताचा लेखाजोखा आपल्याकडे किती बारकाईनें ठेविला जातो, हें त्यामुळें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. क्षेत्र, आकार, पोटखराबा, पीक, पाण्याचें साधन, इतकेंच काय, बांधावरचें झाडहि कागदावर येतें. पीक बुडालें तर पंचनामा होतो, पैसेवारी निघते. परंतु चुलीपुढें बसलेल्या बाईच्या छातींत वर्षानुवर्षें किती धूर गेला, याचा रकाना कोणत्याहि गांव-नमुन्यांत नाहीं. आणि ज्यास रकाना नाहीं तें नुकसानच नव्हे, अशी समजूत कारकुनांची होते तशीच खातेदारांचीहि झाली आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत खेड्यापाड्यांतून पक्कीं घरें पुष्कळ झालीं, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दर्शनी भाग पाहावा तर फरशी, लोखंडी जाळी, भिंतींस तेलाचा रंग. आणि मागें जावें तर पत्र्याची एक पडवी, तींत चूल, आणि चुलीवर काजळीनें काळें ठिक्कर पडलेलें छप्पर! जुनीं घरें या एका बाबतींत बरीं होतीं असें म्हणावें लागतें. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. धाब्याच्या घरास उजेडासाठीं व धुरासाठीं छतांत झरोका ठेवीत. स्लॅबच्या घरास फट नाहीं आणि झरोकाहि नाहीं. चूल मात्र तीच. पैसा वाढला, भिंती पक्क्या झाल्या, आणि धूर आंतच कोंडला.

धूर म्हणजे डोळ्यांस पाणी आणणारी एक गैरसोय, इतकाच अर्थ आपण आजवर धरीत आलों. वैद्यकशास्त्र निराळें सांगतें. लांकूड वा गोंवरी अर्धवट जळते तेव्हां तिच्या धुरांत इतके सूक्ष्म कण असतात कीं ते नाकांत अडकत नाहींत. एका मिलिमीटरच्या चारशेंव्या भागाहूनहि बारीक असे हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. त्यांच्या जोडीस कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो, आणि त्यास स्वतःचा वासहि नसतो. लहान मुलांस न्यूमोनिया, मोठ्यांस जुनाट खोकला व धाप, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, एवढेंच नव्हे तर मोतीबिंदु, या सर्वांशीं चुलीच्या धुराचा संबंध दाखविला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील अशा धुरापायीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, आणि त्यांत पांच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालकें होतीं. जिनें जन्मांत विडी ओढली नाहीं तिला विडीबाजाचा खोकला कां जडतो, या कोड्याचें उत्तर आपल्याच स्वयंपाकघरांत आहे.

येथें कोणी म्हणेल, "आतां घरोघर सिलिंडर आला, हा विषय शिळा झाला." सिलिंडर आला हें खरें. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि ज्यांच्या दारीं गॅस कधीं आला नव्हता अशा कोट्यवधि घरांत तो पोंचला. या कार्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु आपल्याच गांवांत जरा डोळे उघडून पाहावें. चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर. भाकरी, डाळ, आंघोळीचें पाणी आणि गुरांचें आंबोण चुलीवर. भरलेला सिलिंडर विकत घ्यावा लागतो आणि सरपण फुकट येतें, असा हिशेब त्यामागें असतो. पण धूर निम्मा झाला म्हणून धोका निम्मा होतोच असें नाहीं. दुसरी सबब चुलीच्या भाकरीच्या चवीची. ती चव आम्हांसहि ठाऊक आहे. परंतु ती चव घेणारा ओसरीवर बसलेला असतो, आणि तिची किंमत देणारी चुलीपाशीं.

आतां सरपण फुकट येतें, या समजुतीकडे वळूं. पऱ्हाट्या-तुराट्यांचें तूर्त राहूं द्या. गोंवरीचेंच पाहूं, कारण तींत शेताचें धन जळतें. गोठ्यांत बांधलेलें एक मोठें जनावर दिवसाला सुमारें १० किलो शेण देतें. पांच जनावरें असलीं तर रोजचें ५० किलो, म्हणजे वर्षाचें १८ टनांवर शेण झालें. त्यांतील चार-पंचमांश पाणी वजा केलें तरी साडेतीन टनांहून अधिक कोरडा माल उरतो. त्याच्या गोंवऱ्या थापून जाळल्या म्हणजे नत्र आणि सेंद्रिय द्रव्य हवेंत उडून जातें व हातीं राख राहते. राखेंत स्फुरद व पालाश उरतें खरें. पण जमीन भुसभुशीत करणारें व ओल धरून ठेवणारें जें द्रव्य, तें गेलें तें गेलेंच. युरियाच्या गोणीच्या भावानें मोजलें तर हा तोटा थोडका वाटेल, कारण सरकारी अनुदानामुळें ती गोणी स्वस्त मिळते. परंतु युरियाच्या गोणींत सेंद्रिय द्रव्य येत नाहीं. एकीकडे गोंवऱ्या जाळावयाच्या आणि दुसरीकडे शेणखताची ट्रॉली विकत आणावयाची, हा व्यवहार ज्या घरांत चालतो त्या घराच्या हिशेबास काय म्हणावें? शिवाय साध्या चुलींत जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास लागतो. म्हणजे खत गेलें, जळण गेलें, आणि बदल्यांत खोकला पदरांत पडला.

हेंच शेण आधीं गॅस देईल आणि मागाहून खत देईल, ही विद्या कांहीं नवी नाहीं. १९३९ सालीं दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेंत एस्. व्ही. देसाई यांनीं शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग केले. पुढें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टांकीचा नमुना सिद्ध केला व खादी-ग्रामोद्योग आयोगानें १९६२ पासून त्याचा प्रसार केला. १९८४ सालीं घुमटाच्या बांधणीचा ‘दीनबंधु’ नमुना निघाला. त्यांत लोखंडी टांकी नसल्यामुळें तो स्वस्त पडला. आपल्या महाराष्ट्रांत देहू येथें डॉ. सुहास मापुसकर यांनीं शौचालयास जोडलेल्या गॅसच्या टांकीचा आयुष्यभर पुरस्कार केला. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली.

तत्त्व अगदीं सोपें आहे. शेण व पाणी सारख्या प्रमाणांत कालवून रोज बंद टांकींत सोडावयाचें. आंत हवा नसल्यामुळें विशिष्ट जंतु तें कुजवितात आणि जळणारा मिथेन वायु सुटतो. एक किलो शेणापासून सुमारें ४० लिटर गॅस मिळतो. ५० किलोंपासून २ घनमीटर. तेवढ्यांत पांच-सहा माणसांचा दोन्ही वेळांचा स्वयंपाक उरकतो. ज्योत निळी, धूर नाहीं, भांडीं काळीं होत नाहींत. टांकींतून जी स्लरी बाहेर पडते तींत शेणांतील नत्र जवळजवळ सर्व शाबूत असतें. मात्र ती उघड्यावर उन्हांत वाळूं देऊं नये. नत्र उडून जातें. पालापाचोळ्याच्या खड्ड्यांत सोडावी, अथवा पाटाच्या पाण्याबरोबर थेट पिकास द्यावी.

"आमच्या गांवांत गोबरगॅस बांधला होता, तो बंद पडला," हें उत्तर आम्हांस ठिकठिकाणीं ऐकावयास मिळतें, आणि तें खोटें नाहीं. कित्येक टांक्या आज उकिरड्याखालीं गाडल्या गेल्या आहेत. पण त्या कां बंद पडल्या हें पाहावें. कोणीं गरजेपेक्षां अनुदानासाठीं बांधली. कोणाचे बैल दोन आणि टांकी पांच जनावरांची. कोठें गवंड्यास घुमटाचें काम येत नव्हतें, म्हणून चीर पडून गॅस निसटला. कोठें फिनेल टाकून गोठा धुतला, तें पाणी टांकींत गेलें व आंतील जंतु मेले. कोठें नळींत पाणी सांचून गॅस अडला, आणि तें काढून टाकण्याची साधी युक्ति कोणास दाखविलीच नव्हती. थंडींत गॅस कमी येतो, हा तर दोष नव्हे, स्वभाव आहे. यांतील एकहि कारण असें नाहीं कीं ज्यास उपाय नाहीं. विहिरीवरील मोटार बिघडली तर आपण दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आणितों, गॅसची टांकी बिघडली तर बाईस सांगतों, "चूल पेटव." खरा बिघाड येथें आहे. एक इशारा मात्र दिलाच पाहिजे: टांकी उपसण्यासाठीं कोणीहि केव्हांहि आंत उतरूं नये. आंतील वायूनें माणूस क्षणांत बेशुद्ध होतो, व त्यास काढावयास गेलेलाहि दगावतो. तें काम जाणत्याकडून, योग्य साधनांनीं वरूनच करवावें.

ज्यांच्या दावणीस पुरेशीं गुरें नाहींत त्यांनीं काय करावें? त्यांनीं निदान चुलीस धुराडें बसवावें. वर्ध्याच्या मगनवाडींतून १९४७ च्या सुमारास पुढें आलेली मगन चूल याच हेतूनें रचिली होती: जाळ बंद वाटेनें भांड्यांखालून फिरावा आणि धूर नळीनें छपराबाहेर जावा. पुढें केंद्र सरकारनेंहि सुधारित चुलींची मोहीम १९८३ पासून २००२ पर्यंत चालविली. धुराड्याची नळी छपराच्या वर दोन-तीन फूट असावी, आणि महिन्यांतून एकदां तरी तींतील काजळी झाडावी. नाहीं तर चार महिन्यांत ती तुंबते व धूर पुन्हां घरांत येतो. जळण वाळलेलें घ्यावें, चुलीसमोरासमोर खिडकी ठेवावी, आणि तान्ह्या मुलास आईच्या पाठीशीं वा कुशींत घेऊन चुलीपाशीं बसूं देऊं नये. त्या वेळीं घरांतील दुसऱ्या कोणीं, आजोबांनीं कां होईना, मूल सांभाळावें. धुराड्यानें धूर घराबाहेर जातो, नाहींसा होत नाहीं; म्हणून हा मधला मार्ग समजावा, शेवटचा नव्हे.

धुराप्रमाणेंच आणखी दोन वस्तु घरांत रेंगाळतात. एक मोरीचें पाणी. तें दारांत सांचून डांस पैदा करतें. तेंच परसांतील केळीस, आळवास दिलें वा शोषखड्ड्यांत जिरविलें तर घर कोरडें राहतें. दुसरी पिकावर फवारावयाच्या औषधाची बाटली. ती माळ्यावर, धान्याच्या कणगीशेजारीं ठेवण्याची चाल अत्यंत घातक आहे. तिला राहत्या घराबाहेर कुलपाचें कपाट असावें. शेण, सांडपाणी, औषध, या सर्वांस एकच नियम लागू आहे: जें शेताचें तें शेतांत जावें, घरच्या श्वासांत वा घासांत येऊं नये.

आतां शेवटची आणि आमच्या मतें मुख्य गोष्ट. हीं कामें होत नाहींत तीं पैशाच्या अभावीं नव्हे. निदान ज्यांच्या नांवावर जमीन आहे त्यांच्या घरीं तरी नव्हे. तीं होत नाहींत याचें कारण असें कीं धूर जिच्या नाकांत जातो तिच्या हातीं खर्चाची परवानगी नाहीं, आणि ज्याच्या हातीं परवानगी आहे तो स्वयंपाकघरांत जेवणापुरताच जातो. सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे त्यानें एक आठवडा दोन्ही वेळां चूल पेटल्यापासून विझेपर्यंत तेथें बसून पाहावें. पुढील आठवड्यांत गवंडी दारांत उभा दिसेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

आपल्या संस्थेसहि आमची एक सूचना आहे. विहिरीस, मोटारीस, ठिबकास कर्ज देतांना आपण परतफेडीचा विचार करितों. गॅसच्या टांकीचें कर्जहि त्याच पंक्तींत बसवावें, कारण तिची परतफेड खत, जळण व वैद्याचा वांचलेला खर्च या तिन्ही वाटांनीं होते. मात्र कर्ज देण्यापूर्वीं दावणीचीं जनावरें मोजावीं, शिकलेला गवंडी पंचायत समितीच्या कृषि विभागांत चौकशी करून मिळवावा, आणि टांकी कशी चालवावयाची हें घरांतील बाईस प्रथम दाखवावें, मालकास मागाहून. सहीसाठीं जशी दोघांची गरज लागते, तशी या कामांत समजुतीसाठींहि दोघांची गरज आहे.

दिवाळी आली म्हणजे आपण घरास रंग देतों. यंदा रंगाचा डबा आणण्यापूर्वीं मागील पडवींत जाऊन छपराची काजळी एकवार हातानें पुसून पाहावी. तीच काजळी घरच्या माणसांच्या छातींत आहे, आणि ती रंगानें झांकत नाहीं. आधीं धूर बाहेर काढावा. रंग पुढील वर्षीं दिला तरी चालेल.